मुंबई ते न्यूयॉर्क: सर्वात जवळचा रस्ता मॉस्कोजवळून जातो, मग विमान १६ तास कुठे फिरते?

मुंबई आणि न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळांमधले अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. मोठे प्रवासी विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडते. भागाकार केला तर उत्तर येते १४ तास. पण तिकिटावर मुंबईहून जाताना साधारण १६ तास लिहिलेले असतात, तर परतीच्या तिकिटावर त्याहून तास-दीड तास कमी. रस्ता तोच आणि विमानही तेच असताना जायला जास्त आणि यायला कमी वेळ का लागतो?

न्यू जर्सीत मुलगा किंवा मुलगी असलेल्या महाराष्ट्रातल्या हजारो घरांसाठी हा केवळ गणिताचा प्रश्न नाही. आई-बाबांना पहिल्यांदा एकटे पाठवताना सरळ जाणारे विमान घ्यायचे की दुबईत बदलायचे, पुढच्या विमानासाठी मध्ये किती वेळ ठेवायचा, विमानतळावर घ्यायला किती वाजता निघायचे, हे सगळे या उत्तरावर ठरते. त्यात गेल्या काही वर्षांत आकाशातले रस्ते एकामागोमाग एक बंद होत गेले आहेत.

इंटरनेटवर दिसणारे अंतर नेमके कुठले?

दोन विमानतळांची नावे टाकली की वेबसाइट क्षणात आकडा देते. हा आकडा पृथ्वीच्या गोलावर मोजलेल्या सर्वात जवळच्या रस्त्याचा असतो. विमान प्रत्यक्षात किती उडेल, हे तो सांगत नाही.

हा जवळचा रस्ता कुठून जातो, हे पाहिले तर बहुतेकांना धक्का बसतो. शाळेच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये पट्टी ठेवून रेघ मारा. ती अरबी समुद्र, ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया, मोरोक्को असे करत अटलांटिकवर उतरते. दिसायला अगदी सरळ. पण मर्केटर पद्धतीच्या नकाशावरच्या या सरळ रेघेची प्रत्यक्षातली लांबी मोजली तर ती १४,२०० किलोमीटर भरते. म्हणजे सुमारे १,७०० किलोमीटरचा फेरा. मुंबईहून दिल्लीला विमानाने जाऊन निम्म्या वाटेपर्यंत परत येण्याएवढा!

आता पृथ्वीचा गोल घ्या (घरात नसेल तर मोठा चेंडूही चालेल) आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा पश्चिमेला समुद्राकडे न जाता उत्तरेकडे सरकतो. मुंबईतून निघताना त्याची दिशा उत्तरेपासून पश्चिमेला जेमतेम २७ अंश असते. सौराष्ट्र आणि कच्छवरून तो पाकिस्तानात सिंधमध्ये शिरतो, क्वेट्ट्याच्या थोडा पश्चिमेकडून अफगाणिस्तानात जातो, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तान ओलांडतो आणि मॉस्कोच्या अगदी जवळून निघतो. पुढे फिनलंड, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचे दक्षिण टोक, कॅनडातला लॅब्राडोर आणि मग न्यूयॉर्क. या वाटेवर ६४ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर जावे लागते. मुंबई १९ अंशांवर आहे आणि न्यूयॉर्क ४१ अंशांच्या आसपास, तरीही.

दोष नकाशाचा आहे. १५६९ मध्ये मर्केटरने तयार केलेली ही पद्धत जहाजांना दिशा धरून चालण्यासाठी सोयीची होती. त्यात ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. म्हणूनच ग्रीनलँड त्या नकाशात आफ्रिकेच्या बरोबरीचे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या १४ पट आहे. उत्तरेकडचे अंतर फुगवून दाखवल्यामुळे तिकडून जाणारा जवळचा रस्ताही नकाशावर उगाच वळसा घेतल्यासारखा वाटतो. सीटसमोरच्या पडद्यावर विमानाची वाट कमानीसारखी दिसते, ती त्यामुळेच.

मग विमान मॉस्कोवरून का जात नाही?

कारण वर सांगितलेल्या यादीतले जवळपास निम्मे आकाश या ना त्या कारणाने अडलेले आहे.

सुरुवात पहिल्याच देशापासून होते. पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. भारतानेही ३० एप्रिलला पाकिस्तानी विमानांसाठी तेच केले. त्यानंतर दोन्ही बाजूंनी महिन्यामागून महिना मुदतवाढ मिळत गेली. ही बंदी भारतीय कंपन्यांवर आहे, हे लक्षात घ्या. एखादी युरोपीय किंवा आखाती कंपनी पाकिस्तानवरून भारतात येऊ शकते, एअर इंडिया नाही. एकाच शहरातून निघणाऱ्या दोन कंपन्यांच्या विमानांना वेगळा वेळ लागण्याचे हे एक मोठे कारण.

असे पहिल्यांदा झालेले नाही. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानचे आकाश असेच बंद होते. त्या काळात २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याची माहिती तेव्हाचे हवाई वाहतूक मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी राज्यसभेत दिली होती. २०२५ मध्ये बंदी वर्षभर चालली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा भुर्दंड पडेल, असा एअर इंडियाचाच अंदाज बातम्यांमधून समोर आला.

या बाबतीत मुंबईकर दिल्लीकरांपेक्षा सुदैवी आहेत. दिल्लीहून पश्चिमेला जायचे तर विमानाला आधी खाली राजस्थान-गुजरातकडे येऊन समुद्र गाठावा लागतो. मुंबई समुद्रावरच आहे. धावपट्टी सोडली की सरळ अरबी समुद्र आणि ओमान. फेरा पडतो, पण दिल्लीइतका नाही.

पाकिस्तानचे आकाश खुले असते तरी पुढे अफगाणिस्तान आहेच. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर आल्यानंतर तिथली हवाई नियंत्रण व्यवस्था कोलमडली आणि बहुतेक कंपन्यांनी तो भाग टाळायला सुरुवात केली. त्यापुढे रशिया. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये अमेरिका आणि युरोपने रशियन विमानांना बंदी घातली, रशियानेही परतफेड केली. भारतीय कंपन्यांना रशियावरून उडायला मुभा आहे, अमेरिकी कंपन्यांना नाही. युनायटेड एअरलाइन्सने मार्च २०२२ मध्ये आपली नेवार्क–मुंबई सेवा थांबवली, ती याच पार्श्वभूमीवर.

मुभा असली तरी धोका आहेच. जून २०२३ मध्ये एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगदान शहरात उतरले. २१६ प्रवाशांना तिथे राहावे लागले आणि त्यांना घेण्यासाठी दुसरे विमान पाठवावे लागले. निर्बंध असलेल्या देशात अमेरिकी बनावटीचे विमान दुरुस्त करणे म्हणजे काय, हे तेव्हा कंपन्यांच्या चांगलेच लक्षात आले असणार.

उरतो तो मधला रस्ता. अरबी समुद्र, आखात, मग परिस्थितीनुसार इराण किंवा सौदी-इराकच्या बाजूने तुर्कस्तान, युरोप, ब्रिटन-आयर्लंडचा परिसर आणि अटलांटिक. ही वाट १३ हजार किलोमीटरच्या पुढे जाते. आणि तीही हमखास नाही. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ले केले आणि काही तासांत इराण, इराकचे आकाश बंद झाले. त्या पहाटे मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेले एअर इंडियाचे विमान परत मुंबईला आणावे लागले, तर न्यूयॉर्कहून मुंबईला येणारे विमान सौदीतल्या जेद्दाहकडे वळवले गेले.

जाताना जास्त, येताना कमी वेळ का?

या प्रश्नाचे एक उत्तर घराघरांत ऐकायला मिळते: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाताना न्यूयॉर्क आपल्याकडे यायला हवे. ऐकायला पटते, पण तसे असते तर पश्चिमेचा प्रवास लवकर संपला असता. इथे तर उलट आहे! पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत उडते. चालत्या लोकलच्या डब्यात तुम्ही पुढे चाला किंवा मागे, डब्याच्या टोकाला पोहोचायला तेवढाच वेळ लागतो, तसेच हे.

खरे कारण वाऱ्याचे आहे. साधारण ३० ते ४० हजार फुटांवर, म्हणजे नेमके जिथे प्रवासी विमाने उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा असतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातल्या फरकामुळे तो तयार होतो, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्याला पूर्वेची दिशा मिळते. हिवाळ्यात हा फरक वाढतो आणि वाराही. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे तो एवढाच, आडवळणाने.

हिशेब करून पाहू. समजा प्रत्यक्ष वाट १३,२०० किलोमीटरची आहे, विमानाचा हवेतला वेग ९०० आहे आणि संपूर्ण प्रवासात सरासरी ५० किलोमीटरचा वारा आहे. जाताना तो समोरून येतो, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेग ८५० उरतो आणि १५ तास ३० मिनिटे लागतात. येताना तो मागून ढकलतो, वेग ९५० होतो आणि १३ तास ५५ मिनिटांत काम होते. सरासरी ५० हा आकडा तसा बेताचाच आहे, तरी दीड तासाहून जास्त फरक पडला. त्यात दोन्हीकडे धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर गेटपर्यंत येणे असा अर्धा-पाऊण तास मिळवा. तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते, फक्त हवेतली नाही.

वारा किती करू शकतो याचे उदाहरण फेब्रुवारी २०२० मधले आहे. ‘सियारा’ वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. त्याचा जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. एरवी या प्रवासाला साडेसहा तासांच्या आसपास लागतात.

म्हणून वैमानिकांसाठी जवळचा रस्ता आणि लवकरचा रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडून न्यायला सुरुवात केली. अंतर १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झाले. चौदाशे किलोमीटर जास्त! तरीही पाठीमागच्या वाऱ्यामुळे विमान साडेचौदा तासांत पोहोचले, नेहमीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वात देखणी गोष्ट हीच.

अटलांटिकवरही रस्ते रोज नव्याने आखले जातात. आदल्या दिवशीच्या हवामान अंदाजावरून कॅनडातले गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडकडचे शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रे त्या दिवसाचे मार्ग ठरवतात. पूर्वेला येणाऱ्यांना वाऱ्याच्या पोटात बसवायचे आणि पश्चिमेला जाणाऱ्यांना त्याच्यापासून लांब ठेवायचे, असा प्रयत्न असतो.

एक तास जास्त उडायला एवढे काय लागते?

गाडीत पेट्रोल जास्त टाकून चालते, विमानात तसे नाही. या मार्गावर वापरले जाणारे बोइंग ७७७-३०० ईआर पूर्ण भरले तर त्यात १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावते, वजनात सुमारे १४५ टन. विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन साडेतीनशे टन. म्हणजे टाकी भरली तर जवळपास ४० टक्के वजन इंधनाचेच. प्रवास तासाभराने वाढला की सात-आठ टन जास्त इंधन लागते, आणि ते जास्तीचे वजन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते. वजनाची मर्यादा गाठली की काहीतरी खाली ठेवावे लागते. आधी माल, मग रिकाम्या सोडलेल्या सीट, आणि तेही पुरले नाही तर वाटेत इंधनासाठी थांबा. पाकिस्तानचे आकाश बंद असताना दिल्लीहून अमेरिकेला जाणारी विमाने व्हिएन्नासारख्या शहरात थांबू लागली, ती यामुळे. थांबा म्हणजे उतरण्याचे शुल्क, नवे वैमानिक, त्यांची हॉटेले आणि प्रवाशांचे दोन-तीन तास. तिकिटाच्या किमतीत हे सगळे कुठे ना कुठे येतेच.

तसे पाहिले तर थांबा हा मूळचाच. एअर इंडियाने १४ मे १९६० रोजी न्यूयॉर्क सेवा सुरू केली ती बोइंग ७०७ विमानाने, लंडनमार्गे. मुंबईहून कुठेही न थांबता न्यूयॉर्क गाठायला १ ऑगस्ट २००७ उजाडावा लागला.

बदलून गेलो तर किती फेरा पडतो?

इथे आकडे मजेशीर आहेत. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०२० किलोमीटर. बेरीज १२,९५०, म्हणजे सरळ अंतरापेक्षा फक्त चारशे किलोमीटर जास्त. लंडनमार्गे तर आणखी कमी: ७,२०० अधिक ५,५५०, म्हणजे जेमतेम सव्वादोनशे किलोमीटरचा फरक. अर्ध्या तासाचेही उडणे वाढत नाही. वाढतो तो मधला मुक्काम. दीड तासाचा असेल तर धावपळ, सात तासांचा असेल तर खुर्चीवर झोप. तेव्हा स्वस्त तिकीट पाहताना किलोमीटर सोडा, एकूण वेळ आणि मधला वेळ पाहा.

‘डायरेक्ट’ या शब्दावर विसंबू नका. नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारे. डायरेक्ट म्हणजे उड्डाण क्रमांक एकच, पण मध्ये थांबा असू शकतो. तिकीट काढताना थांब्यांच्या जागी शून्य लिहिले आहे का, ते बघा. आई-वडील वयस्कर असतील, इंग्रजीची सवय नसेल, तर नॉनस्टॉपचे चार पैसे जास्त गेले तरी ते वाजवी आहेत असे माझे मत. व्हीलचेअरची मागणी मात्र तिकिटाबरोबरच नोंदवा. सोळा तास बसून पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, त्यामुळे दर तास-दोन तासांनी उठून फेरी मारायला त्यांना बजावून सांगा. आधीपासून हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

न्यूयॉर्कहून पुढे डॅलस किंवा शिकागोला जायचे असेल तर आणखी एक गोष्ट. अमेरिकेत जिथे पहिले पाऊल पडते तिथेच इमिग्रेशन होते, साधारणपणे बॅगाही तिथेच घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. मध्ये चार तास तरी ठेवा. आणि दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असू द्या. वेगवेगळी काढली आणि पहिले विमान वाऱ्यामुळे किंवा बंद आकाशामुळे दोन तास उशिरा पोहोचले, तर दुसरी कंपनी हात वर करते. तिकीट बुडाले ते बुडाले.

घड्याळाचा घोळ

मुंबईहून रात्री १ वाजता निघालेले विमान सोळा तासांनी, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी ५ वाजता पोहोचते. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात, कारण ते आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहेत. कागदावर पाहिले तर प्रवास साडेसहा तासांचा वाटतो. येताना उलटे. तिथून सकाळी ११ ला निघून साडेचौदा तासांनी उतरलात, तर मुंबईत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ११ वाजलेले असतात. तिकिटावर वेळेशेजारी ‘+१’ असे जे बारीक लिहिलेले असते ते हेच. मुलाने सुट्टी भलत्याच दिवशी टाकण्याचे प्रकार या एका आकड्यापायी होतात.

हिवाळ्यात हा फरक साडेदहा तासांचा होतो. अमेरिकेतली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात. विमान कंपन्यांचे हिवाळी वेळापत्रक मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे आठवडाभर आधी लागू होते. दिवाळीनंतर त्या मधल्या आठवड्यात प्रवास असेल, तर जुन्या तिकिटाचा फोटो पाहून विमानतळावर निघू नका, आदल्या रात्री कंपनीच्या अ‍ॅपवर वेळ पुन्हा एकदा तपासा.